बाळकृष्णाचं चित्र

मोकाशीवहिनींकडून विकत घेतलेला पाळणा केतकीच्या सासूबाईंनी बारशाच्या सकाळी कढत पाण्याने घासला. तेव्हा उशाकडचं बाळकृष्णाचं चित्र सुटलं आणि त्याखाली बोलायची जाळी दिसली, हल्ली प्रत्येक पाळण्याला असते तशी.

"वहिनी तर म्हणाल्या, हा न बोलणारा आहे," केतकी म्हणाली.

दुपारी बायका जमल्या. रीतीप्रमाणे बाळाच्या आधी कुंची घातलेला वरवंटा पाळण्यात ठेवला. वजन पडताच पाळणा बोलू लागला.

"माझ्यात बाळ ठेवू नका. उजव्या कठड्याची खिट्टी आपोआप निसटते. कंपनीने मला परत मागवलं आहे."

सतरंजीवर बसलेल्या मोकाशीवहिनी हसल्या. "जुन्या वस्तू अशाच बडबडतात गं. माझी ओवी दोन वर्षं झोपली यात. झालं का काही?"

"नमस्कार, सुलभाताई," पाळण्याने आवाज ओळखला. "ही सूचना तुम्ही तीन महिन्यांपूर्वी शेवटपर्यंत ऐकली आहे. त्याच क्षणी तुम्ही ओवीला उचललंत आणि नंतर एकदाही माझ्यात ठेवलं नाहीत."

कुणी काही बोलायच्या आत कठडा खाली पडला. वरवंटा घरंगळून फरशीवर आदळला आणि फरशीला तडा गेला. केतकीने बाळाला घट्ट धरलं.

मग तिने बाळ सासूबाईंकडे दिलं, फडताळातून ते चित्र काढलं आणि वहिनींच्या ओटीत घातलं. तांदूळ नाहीत, नारळ नाही.

"एवढं तुमचं राहिलं होतं," ती म्हणाली. "आता उठा."