कासवाच्या पाट्या

नवा महामार्ग झाला आणि जुन्या रूट सिक्स्टी-सिक्स रस्त्यावरच्या व्हर्जिलच्या सिमेंटच्या अवाढव्य कासवाकडे कुणी प्रवासी फिरकेनासं झालं. शेवटी दूरदूर रोवलेल्या जाहिरातीच्या पाट्या उपटून आणायला तो निघाला. सोबत नुकतीच वाचायला शिकलेली त्याची लेक ट्वायला होती.

सगळ्यांत लांबच्या पाटीपाशी गाडी घराच्या दिशेने वळवून त्याने पहार उचलली.

"जगातलं सगळ्यात मोठं कासव! साठ मैल!" ट्वायला ओरडली. "बाबा, चला ना बघायला!"

"अगं, आपलंच ते. रोज त्याच्या पाठीवर घसरगुंडी खेळतेस की!"

"पण साठ मैलांवरून कुठं आलेय कधी?"

व्हर्जिलला हसू आलं. "बरं, पुढची उपटू," म्हणत तो गाडीत बसला.

पुढची पाटी दिसली. "पोटात शिरून पाहा! चाळीस मैल! बाबा, थांबू नका, बंद होईल ते!"

मग कसली पाटी उपटतोय! त्याने वेगच वाढवला. शेवटी शेवटी तर "आता डोकं दिसेल बघ!" असं तोच ओरडू लागला.

गाडी थांबताच ट्वायला उडी मारून कासवाकडे धावत सुटली.

गाडीचा मागचा भाग रिकामा पाहून ओलेटाने नवऱ्याला विचारलं, "पाट्या कुठायत?"

"रस्त्यावरच," व्हर्जिल म्हणाला. "गिऱ्हाईक घेऊन आलोय."