टोस्टचा दुसरा अर्धा

"बास. आता घास जाणार नाही."

लेकीनं ताटली पुढं सरकवली. टोस्टचा एक अर्धा संपवायला तिला पंचवीस मिनिटं लागली होती. दुसऱ्यावरचं लोणी थिजलं होतं. दुधाला तर तिनं हातही लावला नव्हता.

आई शिवणकाम करायची. वर्षभरात तिनंच लेकीचे कपडे तीनदा टीप मारून आत घेतले होते, आणि तिन्ही वेळा 'या वयात मुली बारीक होतातच' म्हणून दोरा तोडला होता. मग एक दिवस पोर शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा कळलं, हा न खाण्याचा आजार आहे.

"किती खायचं ते आता तुम्ही दोघांनी ठरवायचं," डॉक्टरीणबाई आईबापांना म्हणाल्या होत्या. "भांडण मुलीशी नाही, आजाराशी. आणि तुमच्या दोघांत फट दिसली, की तो तिथूनच शिरणार." ऐकताना सगळं सोपं वाटलं होतं.

"थोडं खातेस ना, राणी?" आईनं विचारलं.

"फुगवा मला. मग तुमचं समाधान होईल!"

बाप कामावरून अर्धी सुट्टी काढून आला होता. त्याला लेकीची वर आलेली हाडं बघवेनात, अन् तिचं रडणंही.

"जाऊ दे गं," तो म्हणाला. "अर्धा खाल्लाय की. फार ताणलं तर तुटेल."

लेकीचा चेहरा क्षणात खुलला. त्या खुलण्यातच आईला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली फट दिसली. तिनं टेबलाखाली नवऱ्याचा हात गच्च धरला. त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग तो लेकीकडं वळला.

"नाही. चुकलो मी. आई म्हणते तसंच."

त्यानं खुर्ची पुढं ओढली. लेक हमसून हमसून रडली. कुणीच उठलं नाही.

"खाशील ना गं?" आईनं पुन्हा विचारलं.

ताटलीकडं बघतच लेक बोलली, खोलीतल्या आणखी कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

"विचारू नकोस ना, आई. विचारलंस की तो आजार मला नाहीच म्हणायला लावतो. नुसतं सांग."

आईनं ताटली परत तिच्याकडं सरकवली.

"खा."

"मोठ्यानं. त्याला ऐकू जाईल असं," लेक कुजबुजली, आणि तिनं डोळे मिटून टोस्ट उचलला.