मापाचा दस्ता

"बंदूक तुझ्या हातची नाही," असं हे तीस वर्षं म्हणत आले. मलाही ते पटलं होतं. उचलायला गेले की खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता काखेत अडकायचा आणि बोट चापापर्यंत पोचायचंच नाही. "हातच तोकडे तुझे," म्हणून हे हसायचे.

यंदा यांची नजर अधू झाली आणि परवाना माझ्या नावावर आला. काजूच्या बागेत आमचं एकटंच घर. बिबट्या गोठ्याच्या दारापर्यंत येऊ लागलेला. त्याला पळवायला हवेत बार काढणारं कोणीतरी हवंच होतं.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या बाबल मेस्त्रींनी त्यांच्या दुकानात रिकामी बंदूक माझ्या हातात दिली, कोपर दुमडायला लावलं, दस्त्यावर पेन्सिलीने रेघ मारली आणि सरळ करवत चालवली. दोन इंचांचा तुकडा खाली पडला.

"आता धरा, वैनी."

दस्ता खांद्यात चपखल बसला. बोट आपसूक चापाशी गेलं.

"बघ, पुरला की हात!" हे म्हणाले.

मेस्त्रींनी भुसा फुंकला. "हात होतो तेवढोच आसा. दस्तोच लांब होतो इतकी वर्सां."

घरी आल्यावर वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला सवयीने स्टुलावर चढले आणि तिथूनच विचारलं, "अहो, ही फळी कोणाच्या मापाने ठोकली होतीत?"

 हे चाचपडत हातोडी शोधायला गेले.