चाळीस घोडे जास्तीचे

“वीस निवडा, मिर्झासाहेब. बाकीचे चाळीस घरी धाडा,” हजेरीचे कारकून लाला सोभाचंद म्हणाले.

लाहोरबाहेरच्या मैदानात घोड्यांना सरकारी डाग द्यायचं लोखंड तापत होतं. मिर्झा दरवेश बेग साठ स्वारांचा मनसबदार. त्याच्यामागे साठच स्वार उभे होते. नवं फर्मान नुकतंच वाचून झालं होतं: जहागिरी कागदावर पिकतात तेवढ्या शेतात पिकत नाहीत, सबब इथून पुढे मनसबीच्या एक तृतीयांश स्वार आणले तरी पुरे.

ते ऐकून सगळ्यात मोठ्याने ‘आमीन’ म्हणाला तो अल्लाकुली खान. तोही साठाचाच मनसबदार. खरे स्वार त्याच्यापाशी कायम वीस. उरलेले चाळीस दर हजेरीला भिश्ती, तेली, आचारी, कोणाच्याही तट्टांवर बसून यायचे. आज त्याने त्यांना सुट्टी दिली होती.

“आता तरी शहाणे व्हा, मिर्झा!” खान हसला. “तुमचे घोडे हरभरा खातात अन् तुम्ही जवाची रोटी. जरा अदलाबदल करा की!”

मिर्झा रांगेपाशी गेला. एका घोड्याच्या मानेवर हात ठेवला, मग दुसऱ्याच्या. स्वारांपैकी निम्मे त्याच्या बापाच्या स्वारांची पोरं. कोणी वर बघेना. तो शेवटपर्यंत चालत गेला आणि एकालाही बाहेर न काढता परतला.

“लालाजी, जास्त आणू नयेत असं फर्मानात आहे का?”

“जास्त आणणारा आजवर भेटलाच नाही. मनाई लिहायची कोणासाठी?”

“मग साठांनाही डाग द्या. पगार विसांचाच लिहा. जवाची रोटी मला पचते.”

साठावा घोडा डागून होईस्तोवर ऊन उतरलं. लालाजींनी बोरू उचलला आणि मिर्झाच्या नावापुढे लिहिलं: ‘एक तृतीयांश हजर, साठ. सबब मनसब असावी, एकशेऐंशी.’

खान मान लांबवून वाचत होता. “एकशेऐंशी? अहो, हा माझ्या बरोबरीचा, साठाचा!”

“शिक्का फौजेच्या बक्षीसाहेबांचा, पण हिशेब माझा,” लालाजी म्हणाले. “एक तृतीयांशाचा नियम आज निघाला, खानसाहेब. तुम्ही तो बारा वर्षं पाळताय. त्या हिशेबाने मिर्झा बारा वर्षं एकशेऐंशीचाच आहे.”