गरम बॉनेट

दिलावरने बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"गरम हाय. चल अल्मास, निघू."

घरधनिणीला रामराम नाही, घोटभर पाणी नाही. अंगणात गाडी दिसली की आधी बॉनेटवर हात, मग माणसाशी बोलणं, ही दिलावरची रीत. नागापूरच्या गॅरेजात अर्धी हयात घालवून त्याने एवढं एक सूत्र पक्कं केलं होतं. झिजलेलं इंजिन सकाळी गारठलेलं असताना खरं बोलतं. खोकतं, धूर सोडतं, चालू व्हायला रडवतं. म्हणून विकणारा हुशार असला की गिऱ्हाईक यायच्या आधीच ते तापवून ठेवतो. तापलेलं इंजिन काय, कुणाचंही गोड बोलतं. पाण्यातल्या म्हशीचं मोल करू नये तसं गरम गाडीचं करू नये, असं तो म्हणायचा. म्हणूनच तर आज कुणाला न कळवता, उजाडता उजाडता, भाचीला मागे बसवून तो फटफटीवर काष्टीत येऊन धडकला होता. आणि इथेही तेच निघालं.

अल्मासला गाडी स्वस्त हवी होती, कारण महागडी तिच्या पगारात बसत नव्हती. दिलावरला ती भरवशाची हवी होती. पोर पाथर्डीच्या एका दवाखान्यात नर्स. दुपारी दोनला ड्यूटी, रात्री दहाला सुटका, आणि त्यानंतर शेवगावला घरी जायला एसटी नाही. या महिन्यात जायची-यायची सोय कर, नाहीतर काम सोड, असं दवाखान्याने बजावलं होतं. काम सुटलं तर मायलेकींनी खायचं काय? आणि गाडी घेतली नि रात्री आडरानात बंद पडली तर? बिनबापाची पोर. या दुसऱ्या विचाराने दिलावरची झोप उडायची. त्यामुळे एकामागून एक गाड्या तो नापास करत सुटला होता.

"मामू, एवढ्या लांब आलोय. विचारून तरी बघू."

"इचारायचं काय त्यात? हात सांगतोय ना."

तेवढ्यात घरातून छबूबाई पदराला हात पुसत आल्या. वाळक्या अंगाची, सत्तरीची बाई. गाडी विकायची त्यांनाच होती. अल्मासने सरळ विचारलं, "आजी, सकाळी गाडी कुणी चालू केली होती?"

"मीच की. रोजच करती."

दिलावर मनात हसला. म्हातारीला धड खोटंही बोलता येत नव्हतं. "चालवता येती का?" त्याने विचारलं.

"न्हाई बाबा. निस्ती किल्ली फिरवाया शिकले."

त्यांनी दाराकडे मान वळवली. आत खाटेवर एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. एक हात मांडीवर निर्जीव पडलेला.

"आमचं मालक," छबूबाई म्हणाल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. "रोज ह्या येळंला दौंडच्या रेल्वेला मानसं पोचवायचं. लकवा झाला तवापासनं खाटंवर हायती. ध्यान बी गेलं. पन उजाडलं की कान गाडीकडं. आवाज न्हाई आला तर त्यास्नी वाटतं, मानसांची रेल्वे चुकली. मंग चहाला तोंड लावत न्हाईत."

"मग विकता कशाला, आजी?"

"उभ्या गाडीला उंदरं खात्यात. पोरगं म्हनतंय, औषदाला तरी व्हईल."

"आणि चहाचं?"

"रुसतील दोन-चार दिस. मंग इसरतील. समदंच इसरलेत."

हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दिलावरला मात्र ओशाळल्यासारखं झालं. बाईला एका शब्दाने न विचारता त्याने लबाड ठरवून टाकलं होतं. तो ओट्यावर टेकला. "चहा टाका, आज्जी," तो म्हणाला. "गाडी गार होईस्तोवर बसतो आमी."

अल्मासची त्या दिवशी सुट्टी होती. ते दुपारपर्यंत बसले. बॉनेट हाताला गार लागल्यावर दिलावरने किल्ली फिरवली. पहिल्याच फेऱ्यात इंजिन सुरू झालं. ना धूर, ना खोकला. रोजच्या रोज फिरवलेलं इंजिन ते. त्याने खाली वाकून, कान लावून, उगाच चार दोष काढायचा प्रयत्न केला आणि शेवटी पसंतीची मान डोलावली. निघताना अल्मासने छबूबाईंच्या मोबाईलमध्ये आपला नंबर टाकून दिला. गाडी नावावर करायची कामं असतात, त्यासाठी असेल, असं दिलावरला वाटलं.

पुढच्या आठवड्यात तो बहिणीकडे शेवगावला मुक्कामाला गेला. रात्री अल्मास वेळेवर घरी आली. गाडीने एकदाही दगा दिला नव्हता. दिलावर निवांत झोपला.

पहाटेची नमाज पढून तो मशिदीतून परतला, तेव्हा नुकतं उजाडत होतं. अंगणातून जाताना सवयीने त्याचा हात बॉनेटवर पडला.

गरम.

रात्री आलेली गाडी एव्हाना थंडगार हवी. अल्मासची ड्यूटी तर दोनची. म्हणजे गाडी चालू व्हायला त्रास देते, आणि पोर मामूपासून लपवून सकाळीच इंजिन तापवून ठेवते की काय? मारे भरवशाची गाडी शोधून दिली. तो तरातरा घरात शिरला.

अल्मास गॅसपाशी उभी होती. ओट्यावर गाडीची किल्ली होती आणि शेजारी मोबाईल, स्पीकरवर.

"आजी, घेतला का त्यांनी चहा?"

"घेतला गं बाई," मोबाईलमधून छबूबाई म्हणाल्या. "निस्तं एवडंच इचारत हुते, आजकाल गाडी एवढी लांब का लावता म्हनून."