राखून ठेवलेला मंत्र

रसीन गावात ऑरव्हिलच्या तळघरात दर शनिवारी दुपारी टेबलावर फासे टाकत गोष्टीचा खेळ मांडला जायचा, बावीस वर्षं. गोष्ट ऑरव्हिल रचायचा आणि तिच्यातला जादूगार व्हायचा लेलँड. खेळाआधी त्याला तीनच मंत्र निवडता येत. दोन बदलायचे, कधी आग, कधी ढाल. तिसरा मात्र कायम तोच: मागशील ते देणारा, पण जन्मात एकदाच चालणारा.

"अरे, वापर की आता! राक्षस गिळतोय मला," खेळातली तिसरी गडी डार्लीन दर वेळी ओरडायची.

"थांब गं, याहून मोठं संकट येईल."

"मग लोणचं घाल त्या मंत्राचं, मेल्या!"

या शनिवारी खायला आणलेल्या क्रिंगलच्या गोड, खुसखुशीत कड्याला कुणी हात लावला नाही. जिन्याखाली खोकी बांधून ठेवली होती. ऑरव्हिलला आता एकट्यानं राहणं झेपत नव्हतं. उद्या लेक त्याला दूर ॲरिझोनाला नेणार होती.

लेलँडनं मंत्र लिहिलेला आपला कागद पुढे सरकवला.

"आज वापरतो मंत्र. पुढच्या शनिवारी आपण तिघं, याच टेबलाशी."

ऑरव्हिलनं कागदावरच्या तिसऱ्या मंत्रावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "वीस पडले, तरच."

लेलँडनं वीस बाजूंचा फासा ओंजळीत घोळवला आणि टाकला.

वीस पडले.



ऑरव्हिलनं त्या दानाकडे डोळे भरून पाहिलं, फासा उचलून लेलँडच्या मुठीत ठेवला, आणि बाकीचे फासे खोक्यात भरायला घेतले.