तीन थेंब

उस्मानपुऱ्यातल्या साळूबाईचा नवरा दारूपायी गेला, तेव्हा भानुदास पोटात होता. पहिला घोट घेण्याआधी नवरा ग्लासात बोट बुडवून तीन थेंब खाली शिंपडायचा. पिऊन मेलेल्या दोस्तांचा वाटा, म्हणायचा. वीस वर्षांत तिनं ही गोष्ट लेकाच्या कानावर जाऊ दिली नव्हती.

आज कंपनीतून आलेल्या भानुदासनं चहाच्या कपात बोट बुडवलं आणि तीन थेंब खाली शिंपडले.

"कुणी शिकवलं रं तुला हे?"

साळूबाई घाईघाईनं फडकं घेऊन वाकली. फरशी कोरडी ठाक होती.

भानुदास समोरच्या रिकाम्या जागेकडं बघत होता.

"चहा नको म्हणायलेत, माय."